1958 ची पाटी

त्या दिवशी दुपारी व्हिएन्नातल्या हॉटेलच्या दारात, दोन पायऱ्यांवर ताई बसल्या होत्या. हेल्मेट डोक्यावरच होतं, पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला. आम्ही आठजण घंटा वाजवत गल्लीत शिरलो तशा त्या उठल्या, टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना सायकलींसकट ओळीत उभं केलं आणि फोटो काढला. मग मी सायकल भिंतीला टेकवत असताना जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अठ्ठावन्नची दिसली का गं?"

मी म्हणाले, "हो, दिसली."

"कशी होती?"

"पांढरी. झाडाखाली. थोडी झाकली होती पानांनी."

ताईंनी कमरेच्या पाउचमधून छोटी वही काढली, पेन्सिल काढली, पायरीवर बसून एक ओळ लिहिली आणि वही परत ठेवली. सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात कुणीतरी खोल्यांच्या किल्ल्या वाटायला लागलं, कुणाला बाथरूमला जायची घाई झाली, आमच्यातले डॉक्टर सायकली परत घ्यायला येणाऱ्या माणसाला फोन लावत होते. मी जिना चढून खोलीत गेले, बूट काढले, आणि पलंगाच्या कडेला बसले ती किती तरी वेळ तशीच बसले. ती पाटी मी पाहिली नव्हती. झाडही पाहिलं नव्हतं.

आम्ही जर्मनीतल्या पासाऊहून निघालो होतो. नऊजण, पुण्याहून एकत्र आलेले, बहुतेक सगळे पंढरपूरच्या सायकल वारीतले जुने सोबती. डॅन्यूबच्या काठाने व्हिएन्नापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर, आठ दिवसांत. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जायचं आणि आपण फक्त पाण्याची बाटली, रेनकोट आणि डबा घेऊन नदीबरोबर चालायचं. खंबाटकी चढलेल्या पायांना हे काहीच नाही असं निघताना वाटलं होतं. चढ खरंच नव्हता. पण रोज पाच-सहा तास त्याच सीटवर, त्याच नदीच्या शेजारून जाताना शरीर वेगळ्या तऱ्हेने दमतं. तळहात बधिर होतात. मनगटावर ग्लोव्हजची उन्हाची रेघ उमटते. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आत रस्ता सरकतच राहतो.

ताई आमच्या स्वीप होत्या. गटाच्या अगदी शेवटी राहून, कुणी मागे पडत नाही ना, कुणाचं पंक्चर झालं नाही ना, हे बघणारा तो स्वीप. हे काम कुणाला नको असतं, कारण त्यात आपला वेग आपला राहत नाही. ताईंनी ते पहिल्याच दिवशी मागून घेतलं. "मला मागेच बरं. मला वाचत जायचंय," म्हणाल्या. आम्हाला वाटलं गावांच्या पाट्या वाचायच्या असतील. ताई तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम, काळ्या समुद्राला मिळते, हे वाक्य किती मुलांच्या वहीत लाल शाईने तपासलं असेल त्यांनी! नदी मात्र आत्ता पहिल्यांदा पाहत होत्या. पासाऊला जिथे डॅन्यूब, इन् आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात, त्या टोकावर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की डॉक्टरांना बोलवायला जावं लागलं. तीन पाण्यांचे तीन रंग बरंच अंतर वेगळे राहतात. मला हरिपूरचा संगम आठवला, कृष्णेत वारणा येते तो. मी सांगलीची. नदी दोन रंगांची असू शकते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते पाहायला कुणी इतक्या लांब येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

ताई वाचत होत्या त्या किलोमीटरच्या पाट्या. डॅन्यूबच्या काठाने दर किलोमीटरला आकडा लावलेला असतो, बोटींसाठी. आणि हा आकडा उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. काळ्या समुद्रावर, रुमानियातल्या सुलिनाला शून्य. तिथून उलट, प्रवाहाच्या विरुद्ध मोजत यायचं. त्यामुळे आपण नदीबरोबर खाली जायला लागलो की आकडे कमी होत जातात. पासाऊला 2226 च्या आसपास, लिंट्झला 2135. आम्हाला हे पहिल्या दिवशी कळलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलंही. आमच्या हँडलवर आमचे स्वतःचे आकडे होते, किती झाले आणि किती राहिले.

मेल्कच्या मुक्कामी ताईंनी जेवताना वही उघडून दाखवली. मेल्कला 2036. "बघ," मला म्हणाल्या, "आता हे आकडे सालं व्हायला लागलेत. इथून व्हिएन्नापर्यंत आपण एकेक वर्ष मागे जाणार. छत्तीस म्हणजे माझा नातू वीस वर्षांचा. उद्या आपण आजच्या तारखेला पोचू, मग मागे, मागे. व्हिएन्नाचा मोठा पूल आहे ना, रायशब्रुके, तो 1929 ला." मी म्हटलं, आमचा सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी तेही लिहून घेतलं. त्यांचा नियम एकच होता. जी पाटी स्वतः पाहिली तिच्यापुढे टिंब. जी झाडीत लपली किंवा वाट नदीपासून लांब गेल्यामुळे हुकली, तिची जागा रिकामी. अंदाजाने टिंब द्यायचं नाही.

"आणि तुमचं साल?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न. ट्युल्न गावाच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर यायला हवी. शेवटच्या दिवशी सकाळी."

मेल्क ते क्रेम्स हा तुकडा म्हणजे वाखाऊ. छत्तीस किलोमीटरची दरी, दोन्ही बाजूंना दगडी बांधांवर चढत गेलेले द्राक्षांचे मळे, आणि जुलै असल्यामुळे जर्दाळू. झाडाखाली टोपल्या, टोपल्यांशेजारी पत्र्याची पैशांची पेटी, विकायला कुणी नाही. जर्दाळू आपल्याकडे सुकवलेला, ड्रायफ्रूटच्या डब्यातला. उन्हात तापलेला, बोटांनी दोन भाग होणारा, आतून केशरी आणि मनगटापर्यंत रस येणारा जर्दाळू मी तोवर खाल्लाच नव्हता. दुपारी एका गावात त्याचं क्न्योडेल खाल्लं. अख्खा जर्दाळू, बी काढून आत साखरेचा खडा, वरून पिठाची पारी, उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेला. पारी किती पातळ असावी यावर आमच्यातल्या बायकांची अगदी मोदकांवर होते तशी चर्चा झाली. विलेनडॉर्फ लागलं, जिथे 1908 साली रेल्वेच्या कामात ती बोटभर उंचीची दगडी बाई सापडली, साधारण तीस हजार वर्षांपूर्वीची. ताई म्हणाल्या, चालू वर्षाच्या पाट्या इथेच कुठेतरी आहेत. आजचा दिवस आणि तीस हजार वर्षं, एकाच काठावर.

स्पिट्झच्या आसपास मी पुढे होते. एका घराच्या कोपऱ्यावर आडव्या रेघा दिसल्या, एकावर एक, शेजारी सालं कोरलेली. पुराच्या रेघा. तशा रेघा पासाऊच्या नगरपालिकेच्या भिंतीवरही पाहिल्या होत्या. तिथे 2013 चा पूर पाच शतकांतला सगळ्यात मोठा, पावणेतेरा मीटरच्या वर. पण तिथे मी पर्यटक होते, फोटो काढून पुढे गेले. इथे मात्र ताई मागून आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "एकोणीसची पाटी खाली नदीवर आहे. 2019. तुला बघायचीय?"

त्यांनी का विचारलं ते मला लगेच कळलं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातलं आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं होतं. आई-बाबांना होडीतून काढलं. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मातीची सरळ रेघ होती, पट्टीने मारावी तशी, माझ्या खांद्याच्या बरीच वर. बाबांनी ती रंगवून टाकायला सांगितली. आई म्हणाली राहू दे. शेवटी रंगवली. हे सगळं मी ताईंना कधीतरी एका लांबच्या राईडमध्ये सांगितलं असणार, मला आठवतही नव्हतं.

आम्ही दोघी सायकली झाडाला लावून खाली उतरलो. पाटी साधी होती. नदी भरून, पण शांत वाहत होती, हिरवट राखाडी. मी तिथे दगडावर बसले. काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. रडू आलं नाही. वासाची आठवण आली फक्त, त्या भिजून सडलेल्या धान्याच्या, गाद्यांच्या आणि गाळाच्या वासाची, आणि समोर मात्र गवत आणि पिकलेल्या फळांचा वास होता. ताई काही बोलल्या नाहीत. पाऊण तास तरी झाला असेल. पुढे गेलेल्यांचे तीन फोन आले, ते त्यांनीच घेतले. "येतोय सावकाश, काही झालेलं नाही," एवढंच सांगितलं. मग आम्ही स्पिट्झहून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर चढलो. तिला इंजिन नाही. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला, त्याला ही फेरी बांधलेली. नावाडी तिला प्रवाहाशी जरा तिरकी धरतो आणि पाण्याचा रेटाच तिला पलीकडे ढकलतो. इतका आवाज नाही की चाकांतल्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत होती. ताई कठड्याला धरून प्रवाहाचे बाण हवेत काढून दाखवत होत्या, जसे फळ्यावर काढत असतील. पलीकडे पोचून आम्ही पुढच्या फेरीने परत आलो. केवळ त्यांना पुन्हा बघायचं होतं म्हणून.

क्रेम्सनंतर सगळं बदललं. वाट बदलली, आणि माणसंही. डोंगर मागे पडले, नदी रुंद आणि सरळ झाली, बांधावरून दोरी ताणल्यासारखा रस्ता आणि समोरून वारा. सहलीचे शेवटचे दोन दिवस मला नेहमीच विचित्र वाटतात. शरीर अजून तिथेच असतं, पण बोलण्यात घर यायला लागतं. दूधवाल्याला निरोप दिला का, सोमवारी मीटिंग आहे, बॅगेचं वजन किती भरेल. आठवडाभर एकमेकांचं सगळं चालवून घेणारी माणसं अचानक अर्ध्या तासाच्या उशिरावरून चिडतात, आणि लगेच जास्तच गोड वागतात. डब्यातले लाडू संपलेले असतात, शेंगदाण्याची चटणी तळाशी उरलेली असते, ती कुणीच घेत नाही कारण संपवायची नसते. आणि सगळ्यांचा वेग नकळत वाढतो. वारीत वेळापूरला धावा असतो, कळस दिसणार म्हणून वारकरी उतारावरून पळत सुटतात. त्या धावण्यात सगळे एकत्र असतात, म्हातारेकोतारेही. आमच्या वेगात तसं नव्हतं. आम्ही प्रत्येकजण आपापल्या हँडलवरच्या आकड्याकडे पाहून जोर लावत होतो.

त्या दिवशी दुपारी बांधाशेजारी एक प्रचंड करडी इमारत लागली, उंच धुराडं, आजूबाजूला कुंपण, माणूस नाही. त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीज केंद्र. पूर्ण बांधून झालेलं, पण कधीच सुरू न झालेलं. सुरू करावं का, यावर 5 नोव्हेंबर 1978 ला सगळ्या ऑस्ट्रियाने मतदान केलं आणि तीस हजारांहूनही थोड्या कमी मतांच्या फरकाने 'नको' ठरलं. 50.47 टक्के. ताई मागून येऊन धापा टाकत म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरची पाटी इथेच आसपास आहे, बघितलीस?" त्यांना या जुळण्याचं कोण अप्रूप! त्या वर्षी त्या वीस वर्षांच्या होत्या. कॉलेजच्या भिंतीला टेकून उभं राहिलेलं असताना जगात दुसरीकडे कुणी एका बांधलेल्या इमारतीला नको म्हणत होतं, हे त्यांना पुन्हा पुन्हा बोलून दाखवावंसं वाटत होतं. मी ऐकलं, पण एक पाय पेडलवर ठेवूनच. बाकीचे दोन किलोमीटर पुढे गेले होते.

त्या धापा टाकत होत्या हे तेव्हा मला दिसलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

ट्युल्नला हॉटेलात पोचल्यावर त्यांचा उजवा गुडघा सुजलेला दिसला. दिवसभर समोरच्या वाऱ्यात दुखतच होता, पण सांगितलं नाही, कारण स्वीपने सांगितलं तर सगळ्यांना थांबावं लागतं. डॉक्टरांनी तपासलं, बर्फ लावला आणि म्हणाले उद्या सायकल नाही. ताई एकदाच म्हणाल्या, "चाळीसच तर किलोमीटर आहेत." मग गप्प बसल्या. ट्युल्नहून व्हिएन्नाला लोकल जाते, सायकली चढवता येतात, तासाभरात पोचतात. सगळ्यांनी आपापल्या परीने समजावलं. सगळ्यात जास्त मी समजावलं. मी म्हटलं, ताई, पुढे पुष्कळ राईड करायच्या आहेत, आत्ता हट्ट नको. ते खरंही होतं. आजही मला वाटतं की त्यांनी सायकलने जाणं चुकीचं ठरलं असतं. पण कुणीतरी त्यांच्याबरोबर लोकलने जायला हवं होतं, आणि हे वाक्य त्या खोलीत एकानेही उच्चारलं नाही. मी उच्चारलं असतं तर मलाच जावं लागलं असतं, हे मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. मला व्हिएन्नात सायकलवरून शिरायचं होतं. आठ महिने मी त्या एका क्षणाची कल्पना करत आले होते.

सकाळी स्टेशनवर मीच त्यांना सोडायला गेले. तिकिटाच्या यंत्राने विचारलं, प्रवासी किती. मी एक दाबलं.

सायकल डब्यात चढवून दिली, पट्ट्याने बांधली. ताई खिडकीशी बसल्या. हेल्मेट काढलं नव्हतं. मी म्हटलं, काढा की आता. त्या म्हणाल्या, "असू दे, उतरल्यावर हॉटेलपर्यंत चालवत जाईन." मग म्हणाल्या, "मी या बाजूला बसते, नदीकडे. पण मधे झाडी असणार. अठ्ठावन्न तेवढी बघशील? तुम्ही अगदी काठानेच जाणार आहात." मी म्हटलं, बघते की. "आणि व्हिएन्नाच्या वेशीवर बघ, पंचेचाळीस ते अडतीस येतात. तिथे वाट आत वळते, दिसणार नाहीत बहुतेक. पण लक्षात असू दे."

पंचेचाळीस ते अडतीस का, ते मला सांगायची गरज नव्हती. चार दिवसांपूर्वी आम्ही माउथहाउझेनला वर चढून गेलो होतो. काठावरचं फुलांच्या कुंड्यांचं गाव, आणि वर टेकडीवर ती नाझी छळछावणी. ऑगस्ट 1938 ते 5 मे 1945. तिथे आणलेल्या सुमारे एक लाख नव्वद हजार माणसांपैकी किमान नव्वद हजार मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून पाठीवर दगड घेऊन चढायच्या 186 पायऱ्या. आम्ही त्या उतरलो आणि चढलो, हातात काहीच नसताना, आणि वर आल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. त्या संध्याकाळी ताईंनी वहीत फक्त तारीख लिहिली होती.

गाडी हलली. त्या हात हलवत राहिल्या. काचेवर सकाळचं ऊन होतं, त्यामुळे शेवटी चेहरा दिसेना, पिवळं हेल्मेट तेवढं दिसत होतं.

मी परत आले तेव्हा सगळे निघायच्या तयारीत होते. ट्युल्नपासून ग्राइफेनस्टाइनच्या धरणापर्यंत वाट खरोखर पाण्याला चिकटून आहे. रुंद, डांबरी, सपाट. वारा पडला होता. नदी धरणामुळे फुगून तळ्यासारखी झालेली, तिच्यात पांढरे ढग. पाय आठ दिवसांत इतके तयार झाले होते की सायकल आपोआप चालल्यासारखी वाटत होती. डॉक्टर पुढे, मी त्यांच्या मागच्या चाकाला लागून, आणि मागे कुणी स्वीप नाही. मागे वळून पाहायची गरज नाही, हे मला पहिल्या काही किलोमीटरांतच जाणवलं आणि, खरं लिहायचं तर, बरं वाटलं. आम्ही पंचवीस-सव्वीसच्या वेगाने जात होतो. चाकांचा एकसारखा सूर, कानांत हवा, पाठीवर ऊन. मी खूप आनंदात होते. इतका निखळ आनंद त्या अख्ख्या सहलीत मला झाला नव्हता, आणि तो मी अजूनही नाकारू शकत नाही.

अठ्ठावन्न कधी गेली मला कळलं नाही. आठवण आली ती धरण दिसलं तेव्हा. धरण 1949 ला, हे ताईंच्या वहीत मी पाहिलं होतं. म्हणजे अठ्ठावन्न नऊ किलोमीटर मागे. परत जायचं तर जाऊन-येऊन अठरा. मी ब्रेकवर बोटं ठेवली, दाबली नाहीत. डॉक्टर ओरडले, "अठ्ठावीस राहिले!" आणि मी पुन्हा त्यांच्या चाकाला लागले. सत्तेचाळीस कुठे गेली पाहिलं नाही. पंचेचाळीस ते अडतीस लक्षात ठेवायचं होतं, तेही राहिलं नाही. क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठाचे मनोरे आले, टेकड्यांवरचे मळे आले, नुसडॉर्फच्या बंधाऱ्यावरचे दोन सिंह आले, आणि तिथून कालव्याच्या काठाने, रंगवलेल्या भिंतींमधून, आम्ही शहराच्या मध्यात शिरलो. एका पुलाखाली आमच्या घंटा घुमल्या. सगळ्यांनी एकदम वाजवल्या होत्या.

घरी आल्यावर मी तो फोटो खूपदा पाहिला. आठ माणसं, आठ सायकली, उन्हाने रापलेले चेहरे, माझं तोंड हसून पूर्ण उघडलेलं. फोटो ताईंनी काढलाय, त्यामुळे त्या त्यात नाहीत. खालच्या कोपऱ्यात पायरीवर त्यांची पाण्याची बाटली दिसते. ग्रुपवर हा फोटो गेला तेव्हा कुणीतरी लिहिलं, "टीम नऊ, मोहीम फत्ते". ताईंनी त्यावर अंगठा दाखवला होता.

मी खोटं का बोलले, यावर मी नंतर इतका विचार केलाय की आता कारणं माझी मलाच तयार केल्यासारखी वाटतात. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं प्रथम स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. "नाही दिसली" म्हटलं असतं तर ताई म्हणाल्या असत्या, असू दे, आणि जागा रिकामी ठेवली असती. वहीत रिकाम्या जागा पुष्कळ होत्या, त्यांचं त्यांना दुःख नव्हतं. मी बोलले ते माझ्यासाठी. मी नुसती विसरले नव्हते, आठवल्यावरही वळले नव्हते. आणि स्पिट्झला माझ्या सालासाठी त्या पाऊण तास दगडावर बसल्या होत्या. पाटीला मी झाड का जोडलं ते मात्र अजून कळत नाही. कुणी विचारलंही नव्हतं झाडाबद्दल.

दिवाळीच्या फराळाला त्यांनी बोलावलं तेव्हा मी एकटीच गेले. नारायण पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, बाल्कनीत तुळस आणि भिंतीला टेकवलेली त्यांची जुनी सायकल. गुडघा बरा होता, पण जिना एकेक पायरी थांबून उतरत होत्या असं शेजारीण म्हणाली. चकली फार सुरेख झाली होती. खाणं झाल्यावर ताईंनी कपाटातून शंभर पानी वही काढली. सहलीतल्या छोट्या वहीवरून सगळं नीट उतरून काढलेलं, शिक्षकांच्या त्या सरळ, टोकदार अक्षरात. डावीकडे आकडा, उजवीकडे नोंद. 2019 पुढे टिंब, आणि "ही बसली होती. नदी शांत." 1978 पुढे टिंब, "नको म्हणाले." 1963 पुढे "ट्युल्न. मुक्काम. गुडघा." त्याखाली बासष्टपासून एकोणसाठपर्यंत रिकाम्या ओळी. मग 1958, टिंब, आणि "हिने पाहिली. पांढरी. झाडाखाली." त्याखाली पुन्हा 1929 पर्यंत काहीच नाही, फक्त आकडे. शेवटच्या आकड्यासमोर "आयर्विन पूल, सांगली."

मी पान बघत राहिले. ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, विचारायचं राहिलंच. झाड कसलं होतं? तिकडे काठाला पॉप्लर फार असतात. की विलो होता?"

स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर पोरं फटाके लावत होती.

"मी पाहिली नाही ताई," मी म्हटलं. "पाटी नाही, झाडही नाही. आठवलं तोपर्यंत धरण आलं होतं. मागे वळता आलं असतं. वळले नाही."

ताईंनी चष्मा घातला. माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं. टेबलावरच्या डब्यातून खोडरबर काढला आणि ती ओळ खोडली, आधी टिंब, मग अक्षरं, एकेक शब्द, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने पान दाबून धरत. खोडायला बराच वेळ लागला. पेन्सिल दाबून लिहिलेली होती, त्यामुळे पुसल्यावरही अक्षरांच्या खाचा उजेडात दिसत होत्या. रबराचा चुरा त्यांनी तळहाताने गोळा केला, कागदात बांधला आणि उठल्या.

"चहात आलं घालू ना?" आतून त्यांनी विचारलं.